गणपतीचे उरलेले २२ हजार

सौ. देशपांडे (बी-३०४): सेक्रेटरीसाहेब, मीटिंगचे मिनिट्स वाचले. गणपतीचे उरलेले २२ हजार कोणत्या विद्यार्थ्याला द्यायचे, त्यात ‘गुणवंत’ खोडून ‘गरजू’ कोणी लिहिलं? आमच्या ईशानला सीईटीला ९७ पर्सेंटाइल आहेत, म्हणून विचारते.

पाटील सेक्रेटरी: वहिनी, ठराव सर्वानुमते झाला. आपण त्या दिवशी चहा घेऊन लवकर गेलात.

कदम काका (ए-१०२): गरजू म्हणजे उत्पन्नाचा दाखला हवा. तहसीलदारांचा.

शिंदे (सी-२०१): दाखल्याचं कौतुक नको काका. माझा पगार फॉर्म १६ वर ८ लाख ४० हजार. फी माफीची मर्यादा ८ लाख, वरच्या ४० हजारांपायी पोरीची अख्खी फी माझ्या गळ्यात. दुकानवाल्यांचा दाखला ६ लाखांचा, आणि खाली नवी कोरी गाडी 🙏

राणे (ए-३०१): दुकानवाले म्हणजे कोण, नाव घ्या ना. गाडी हप्त्यावर आहे.

जोशी (बी-१०१): हप्त्यावर असेल, पण उभी माझ्या जागेत असते 😂

राणे (ए-३०१): हा मेसेज डिलीट केला आहे

सौ. देशपांडे (बी-३०४): मुद्दा पार्किंगचा नाही. हुशार असणं गुन्हा आहे का?

प्राजक्ता (सी-४०३): काकू, टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या, ५ टक्के जादा जागांना मेरिट पण लागतं आणि ८ लाखांची अट पण. दोन्ही एकदम असतं की.

कदम काका (ए-१०२): तेच म्हणतोय. उत्पन्नाचा दाखला हवा.

जोशी (बी-१०१): पण वॉचमनदादांच्या मुलीला फी माफच आहे ना? २०२४ पासून मुलींना १०० टक्के.

प्राजक्ता (सी-४०३): ट्यूशन आणि परीक्षा फी माफ. मेस, हॉस्टेल, लॅपटॉप नाही. ती सुट्टीत आल्यापासून केबिनमध्ये बसून महाडीबीटीवर सरकारी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतेय. ओटीपी दादांच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो. आधारला नंबर बदलायला मीच घेऊन गेले काल. दादांचा अंगठा मशीनवर उमटेना, हात झिजलेत. तीनदा पुसून लावला.

पाटील सेक्रेटरी: टँकर आला आहे. बी विंगने अर्धा तास मोटर लावू नये.

शिंदे (सी-२०१): द्या तिलाच. माझी हरकत नाही. फक्त ८ लाखवाल्यांना श्रीमंत म्हणू नका.

सौ. देशपांडे (बी-३०४): मी पैसे मागितलेच कुठे? ५०१ रुपयांचं पाकीट आणि नारळ, स्टेजवर चारचौघांत. दरवर्षी व्हायचं. पोरगं दोन वर्षं खोलीबाहेर आलं नाही हो.

पाटील सेक्रेटरी: ते करू वहिनी. पाकीट माझ्याकडून. नारळ मागच्या वर्षीचे दोन आहेत.

जोशी (बी-१०१): ते फोडून बघा आधी 🤣

कदम काका (ए-१०२): दाखला ३१ मार्चनंतर चालत नाही. जुना देऊ नये.