क्लायंटसमोर खरा रिझल्ट सांगितला तर मी अनप्रोफेशनल कसा?

खडीवाळू
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल पण वाचा प्लीज. मी सिव्हिलवाला, पुण्यात एका रहिवासी प्रोजेक्टवर ठेकेदाराच्या बाजूने क्वालिटी बघतो. सहाव्या मजल्याचा स्लॅब टाकला, एम ३० (२८ दिवसांनी ३० न्यूटन प्रति चौ.मिमी ताकद यायला हवी असं काँक्रीट), साधारण ६० घनमीटर, माल आरएमसीचाच, म्हणजे प्लँटवरून तयार आलेला. सात दिवसांनी क्यूब (ताकद तपासायला त्याच मालाचे भरलेले १५ सेंमीचे ठोकळे) फोडले तर मशीनची सुई ३१०, ३२०, ३३० किलोन्यूटनला थांबली, म्हणजे सरासरी ताकद १४.२ न्यूटन प्रति चौ.मिमी. आमच्याकडे याच मिक्सला सात दिवसाला २० च्या आसपास येतं. प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांना लगेच फोटोसकट व्हॉट्सअॅप केलं, रिप्लाय आला "बघू, फ्लाय अॅश आहे त्यात, २८ ला भरून निघेल". (फ्लाय अॅश म्हणजे सिमेंटबरोबर घालतात ती कोळशाची राख, २८ म्हणजे २८ दिवसांची टेस्ट.)
दोन दिवसांनी वीकली मीटिंग. क्लायंट, त्यांचा पीएमसी (त्यांच्या वतीने कामावर देखरेख करणारा सल्लागार), आमचे साहेब, सगळे. पीएमसीवाल्याने विचारलं सहाव्या स्लॅबचे सेव्हन डेज काय आले, साहेब म्हणाले रिपोर्ट यायचाय अजून. तो माणूस सरळ माझ्याकडे वळला, "क्यूब तूच फोडलेस ना?" मी म्हटलं हो, १४.२.
मीटिंगनंतर साहेबांनी पार्किंगमध्ये घेतलं मला. प्रोफेशनल माणूस घरातली गोष्ट घरात ठेवतो म्हणे, तू अजून कॉलेजातच आहेस म्हणे. तेव्हापासून साइटवर बाकीचेही तुटक वागतायत. मी ना आरडाओरडा केला ना कुणाची तक्रार केली, विचारलं तेवढंच सांगितलं. खरंच चुकलो का?

हिंजवडीकर
भावा, मी आयटीवाला, काँक्रीटमधलं मला ओ की ठो कळत नाही पण मीटिंग भरपूर बसलोय. आकडा सांगितलास ते बरोबरच. पण साहेब एक बोलले आणि पाच सेकंदात तू दुसरं बोललास, म्हणजे दहा जणांसमोर ते खोटे पडले, आणि कुठलाही मॅनेजर हे विसरत नाही, चांगला असला तरी. "रिझल्ट आहे माझ्याकडे, साहेबांशी बोलून संध्याकाळपर्यंत मेल करतो" असं म्हणाला असतास तर खोटंही झालं नसतं आणि आकडाही गेला असता.
बाकी हे सगळीकडे चालतं हां. आमच्याकडे स्टेटस रिपोर्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवा आणि कापला की लाल. डिलिव्हरीच्या आदल्या आठवड्यात क्लायंटला कळतं आणि मग रात्र रात्र सगळे जागतात. आमच्यात फार तर अॅप बंद पडतं म्हणा, तुमच्यात स्लॅब आहे.

खडीवाळू
@हिंजवडीकर दादा पटलं, संध्याकाळपर्यंत मेल करतो हे सुचलंच नाही त्या क्षणी. पण मेलआधी साहेबांशी बोललो असतो तर तो मेल गेलाच नसता हेही मला माहितीये.

एमबीवाले_काका
सार्वजनिक बांधकाम खात्यात उभी नोकरी काढून निवृत्त झालोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. वर वागण्याबोलण्यावर चर्चा चाललीये ती ठीक आहे पण कामाचं कोणी विचारलंच नाही.
तुमचे साहेब अर्धे बरोबर आहेत. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, काँक्रीट पास की नापास हे २८ दिवसांच्या रिझल्टवर ठरतं, सातवर नाही, आणि फ्लाय अॅश असली की सुरुवातीची ताकद हळू येते हेही खरं. पण मग त्याच मिक्सच्या ट्रायलला (कामाआधीच्या चाचणीला) सात दिवसाला किती आलं होतं ते काढा ना! डिझाइन मिक्सच्या फाइलला तो कागद लावलेला असतो. फ्लाय अॅश तेव्हाही होतीच. नेहमी २० आणि या स्लॅबला १४ म्हणजे फ्लाय अॅशचं नाव पुढे करून भागणार नाही. एखाद्या गाडीत पाणी ओतलं का बघा, मिक्सर वर पोचेपर्यंत माल आवळतो, पंपवाला बोंबलतो आणि कोणीतरी नळी सोडतं. चलनावर प्लँटवरून निघाल्याची वेळ असते आणि तुमच्या रजिस्टरला स्लम्प (माल किती पातळ होता ते) असेल, दोन्ही शेजारी ठेवा.
आता मुद्द्याचं. सात दिवसाचा आकडा पास-नापाससाठी नसला तरी सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) कधी सोडायचं यासाठी तोच हाताशी असतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढतात, त्यावरच्या गाळ्याला चौदा दिवस, हे दिवस सगळ्यांना पाठ असतात. पण काँक्रीटला तेवढी ताकद आलेली असली तरच, ही अट कोणी वाचत नाही. १४ आलेल्या स्लॅबखालचे जॅक (लोखंडी टेकू) "सात दिवस झाले" म्हणून सोडले आणि वर सातव्याचं सेंटरिंग, लोखंड, माणसं चढवली तर? खाली कोण असतं? सेंटरिंगचीच पोरं असतात. साहेब, क्लायंट, पीएमसी तिघेही त्या वेळी केबिनमध्ये. म्हणून पीएमसीने तो आकडा विचारणं रास्त होतं आणि तुम्ही सांगणंही. २८ दिवसांची वाट बघायला काँक्रीटची हरकत नाही हो, टेकूची आहे.
आमच्या खात्यात मोजमाप पुस्तक असायचं, एमबी. पानांना छापील नंबर, शाईनेच लिहायचं, खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. आकडा चुकला तर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही तारीख. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. खात्यात गैरप्रकार झाले नाहीत असं म्हणायला मी काही वेडा नाही, एमबीतही खोट्या मोजण्या चढल्यात. पण चढवणाऱ्याला स्वतःच्या सहीने चढवावी लागायची. तुमच्याकडे क्यूब रजिस्टर आहे ना? त्यात १४.२ शाईने गेलंय का?

आकडेमोड
सीए आहे. आमच्याकडे सर्टिफिकेट दिलं की त्यावर १८ आकडी यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) जनरेट करावा लागतो, बँकवाला तो ऑनलाइन टाकून बघू शकतो की सही खरी आहे की नाही. क्लायंट गळ घालतोच, थोडं अॅडजस्ट करा म्हणून. नाही म्हणताना मी सरळ १९४९ च्या कायद्याचं नाव पुढे करतो, इन्स्टिट्यूट मेंबरशिप काढून घेईल सांगतो, क्लायंटही गप्प बसतो. वकिलांना १९६१ चा कायदा आहे, आर्किटेक्टांना १९७२ चा. इंजिनिअरला देशभर लागू असं काहीच नाही, म्हणजे पोराला पुढे करायला कायदाही नाही आणि पाठीशी कौन्सिलही नाही. एकट्याच्या जिवावर नाही म्हणायचं. त्यामुळे पार्किंगमध्ये घेतलं यात मला नवल नाही वाटलं.

व्यवहारी_माणूस
सगळे लय भारी बोलतायत. ईएमआय कोण भरणार त्याचा? काका पेन्शनवर, सीएसाहेबांची स्वतःची फर्म. ठेकेदारांच्या जगात सगळे एकमेकांना ओळखतात, एक फोन गेला की पुढची नोकरी पण गेली. माझा सल्ला, गुपचूप राहा, मेलवर सगळं ठेव, आणि दुसरीकडे बघायला लाग.

टोरांटोकर_ताई
@व्यवहारी_माणूस "मेलवर सगळं ठेव" याला माझा पण हात वर, पण मेल कुणाला जातो तेही बघा.
मी इकडे स्ट्रक्चरलमध्ये आहे. इथे इंजिनिअर पास झाले की एक समारंभ असतो, १९२५ पासून चालू आहे, काम करायच्या हाताच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. ती क्यूबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते अशी दंतकथा आहे, तसं काही नाही. पण त्या पुलाची गोष्ट मात्र इथे प्रत्येकाला शिकवतात. बांधकाम चालू असतानाच खालच्या भागाच्या प्लेटा वाकायला लागल्या होत्या. साइटवरच्या तरुण इंजिनिअरने, मॅक्ल्युअर त्याचं नाव, मोजून कळवलं. कंपनीवाले म्हणाले त्या आधीपासूनच वाकड्या असतील (तुमच्या फ्लाय अॅशवाल्या रिप्लायवरून हेच आठवलं). शेवटी तो स्वतः न्यूयॉर्कला मुख्य सल्लागार कूपरकडे गेला. कूपरला पटलं, त्याने तार केली की आणखी वजन चढवू नका. पण तार केली पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीच्या ऑफिसला, साइटला नाही. २९ ऑगस्ट १९०७, संध्याकाळी काम सुटायच्या वेळेला पूल गेला, ७५ माणसं गेली.
त्यामुळे माझं हिंजवडीकरांशी थोडं वेगळं मत आहे. मीटिंगमध्ये कोणाचा चेहरा पडला हे मी नंतर बघेन, पहिलं बघेन की जॅक सोडायचा निर्णय जो घेतो त्याच्यापर्यंत आकडा पोचला का. मीटिंग झाली, पीएमसीला कळलं, ठीक. पण सेंटरिंगच्या मुकादमाला कोणी सांगितलंय का?

हिंजवडीकर
ताई मान्य. जॅकचं मला माहितीच नव्हतं, मला वाटलं नुसता रिपोर्ट आहे.

खडीवाळू
सगळ्यांचे आभार, आज साइटवर होतो म्हणून उशीर झाला. काका, रजिस्टरला शाईने आहे, माझी सही आहे, लॅबच्या पोराची पण आहे. ताईंचं वाचून सकाळी आधी मुकादमाकडे गेलो, त्याला खरंच काही माहीत नव्हतं, एका बाजूचे जॅक उद्या सोडून सातव्याला वर न्यायचा बेत होता त्याचा. त्याला थांबायला सांगितलं आणि लगेच साहेबांना मेल टाकला, पीएमसी सीसीमध्ये, तीनच ओळी: रिझल्ट, सहाव्याचे टेकू जागेवर ठेवतोय, रिबाउंड हॅमर (स्लॅब न फोडता ताकदीचा अंदाज देणारी टेस्ट) करून घेऊया. साहेबांचा फोन आला, बोलले नीट पण सीसी कशाला केलंस म्हणून विचारलंच. म्हटलं सर, टेकू ठेवायचे तर सातव्याचा प्रोग्राम हलतो, त्यांना कळवावंच लागलं असतं. त्यावर हं म्हणाले.
ट्रायलचा कागद सापडला, सात दिवसाला २१.५ होतं. चलनात एक गाडी प्लँटवरून निघून साइटवर तीन तासांनी रिकामी झालेली दिसतेय, कास्टिंगच्या दिवशी बाहेर ट्रॅफिक तुंबला होता.

एमबीवाले_काका
छान केलंत. आता क्यूबचंही तपासा, नाहीतर उगाच आरएमसीवाल्याच्या गळ्यात पडायचं. ते क्यूब त्याच गाडीचे होते का? ६० घनमीटरला निदान पाच सँपल हवीत, बाकीच्यांचे सात दिवसाचे फोडलेत की एकाच सँपलचे? आणि पहिले चोवीस तास साचे कुठे होते, सावलीत ओल्या गोणपाटाखाली की गच्चीवर उन्हात? २८ लाही कमी आलं तर कोअर (स्लॅबमधून कापून काढलेले गोल तुकडे) काढावे लागतील, तीन कोअरची सरासरी एम ३० च्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नको. पण ते पुढचं. आधी रिबाउंड हॅमरला सहाव्याबरोबर पाचवा स्लॅबही घ्या, एकमेकांशी ताडून बघायला बरं पडतं.

खडीवाळू
काका सात दिवसाला एकाच सँपलचे फोडलेत, गाडी कोणती ते रजिस्टरला नाहीये, नुसती तारीख आहे. साचे बहुतेक गच्चीवरच होते. उद्या विचारून सांगतो.