वडिलांच्या तैलचित्राची प्रत काढायची आहे, पण रंगाचा उठाव प्रिंटमध्ये येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अंबाजोगाईचे. वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या हातचं एकच तैलचित्र घरात उरलंय: बालाघाटच्या उतारावरचा फुललेला पळस, १८ बाय २४ इंच. नांदेडच्या ताईलाही ते हवंय, म्हणून तिच्यासाठी कॅनव्हासवर प्रिंट काढून आणली. रंग बऱ्यापैकी जुळलेत. पण ताईने हात फिरवला आणि म्हणाली, "कॅलेंडरसारखं लागतंय रे हाताला."

तिचं खरं आहे. अण्णा पळसाची फुलं नाइफने लावायचे. केशरी रंग इतका जाड, की बोटाला कडा लागतात. आकाश मात्र टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं, तिथे कापडाची वीण दिसते. प्रिंटमध्ये वीण सगळीकडे सारखीच, फुलांवरसुद्धा! चित्र अंगणात वाळत ठेवलं तेव्हा गव्हाची मळणी चालू होती, एक कुसळ ओल्या रंगात चिकटलं. अजून तिथेच आहे. प्रिंटमध्ये त्या जागी नुसती तपकिरी रेघ. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की मूळ चित्रात फुलाफुलाखाली बारीक सावली पडते आणि उन्हाबरोबर सरकते. प्रिंटमधली सावली फोटो काढताना होती तिथेच.

अजिंठ्याच्या पद्मपाणीचंही असंच. छापील चित्रात गुळगुळीत, आणि पहिल्या लेणीत समोर उभं राहिलं की मातीचा गिलावा, उडालेले पोपडे, सगळं दिसतं.

फोटोग्राफर म्हणतात, चमक टाळायला दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखेच दिवे लागतात. पण उठाव त्यानेच मरतो ना? एका बाजूचा दिवा जोरात ठेवून कोणी फोटो काढलाय का? दुसरा सल्ला मिळाला, प्रिंटवर ब्रशने पारदर्शक जेल लावा. तो मला पटत नाही. ते फटकारे जेल लावणाऱ्याचे होतील, अण्णांचे नाही.

ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने २०१३ मध्ये फुजिफिल्मबरोबर थ्रीडी स्कॅन करून उठावासकट प्रती काढल्या होत्या. तशी छपाई संभाजीनगरला किंवा पुण्यात कोणी करतं का? स्कॅनर घरी आणता येतो का? एका कोपऱ्यात जाड थराला बारीक भेगा गेल्यात, त्यामुळे चित्र एसटीने न्यायला जीव धजत नाही. त्या भेगांवर आधी काय करावं, तेही जाणकारांनी कृपया सांगा.