उन्हाळी जत्रांतले कलावंत: पाहिलेलं, केलेलं लिहा

पाडवा झाला की आमच्या पुणे-नगर पट्ट्यात यात्रांची रांग लागते. चैत्र पौर्णिमा, मग वद्य अष्टमीचा काळभैरवनाथ, मग अक्षय्य तृतीया. कोकणात मे महिन्यात चाकरमानी आले की दशावतार, मराठवाड्यात लग्नसराईचे गोंधळ. या दिवसांबद्दल लिहायचं म्हटलं की आपण गुडीशेव, रेवड्या, पाळणा नि हरवलेली चप्पल यांवर पानं भरतो आणि कलावंतांना 'रात्री तमाशा असायचा' एवढ्यावर निकालात काढतो. म्हणून या ऑनलाइन धाग्यावर फक्त त्यांच्याबद्दल लिहा. ते कुठे उतरले, काय जेवले, बिदागी कशी ठरली, कुणी पाणी दिलं, कुणी दिलं नाही. स्वतः पाहिलेलं किंवा केलेलं हवं, ऐकीव नको. तक्रार असेल तर गावाचं, माणसाचं नाव घालू नका.

सुरुवात मी करते. वडील प्राथमिक शिक्षक, शाळेची किल्ली आमच्या घरी. यात्रेला तमाशाच्या फडाचा, म्हणजे अख्ख्या मंडळीचा, मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात असायचा. पाण्याची, आडोशाची जबाबदारी कुणी न सांगता आईवर यायची. रात्री बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, विजेसारखी फिरणारी बाई सकाळी हापशाजवळ बसून पोरीच्या केसांतल्या उवा काढत होती, हे पाहून मी थक्क झाले होते. तिने वाळत घातलेल्या चिंध्या कसल्या म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चाळाखाली गुंडाळते, न्हाईतर पट्टा घोट्यात रुततो." घुंगरांचा तो चाळ मला एका हाताने उचलेना. तेव्हापासून लावणी बघताना माझी नजर आधी घोट्याकडे जाते.

यात्रा कमिटीतला
आमची यात्रा अष्टमीची. तमाशा ठरवायला नारायणगावला जायचं. फाल्गुन-चैत्रात तिथे फडमालकांच्या राहुट्या ओळीने लागतात. बाहेर फडाच्या नावाची पाटी, आत गादी, मॅनेजर आणि कॅलेंडर. खरा मालक ते कॅलेंडर. पौर्णिमा-अष्टमीला गावं जास्त नि फड कमी, त्यामुळे त्या तारखांची सुपारी (खेळाची ठरलेली रक्कम) लाखांत चढते, मधल्या मोकळ्या तारखांना उतरते. गाव घरटी वर्गणीवर चालतं, म्हणून आम्ही पाच-सहा राहुट्या फिरून शेवटी पहिलीतच येतो. मॅनेजरला ते माहीत असतं. तो उठून निरोपसुद्धा देत नाही, "या चहा घेऊन" म्हणतो.

राहुटीत गावकऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: नाचणाऱ्या किती? दुसरा: लाइट किती? 'वग कोणता', म्हणजे तमाशाच्या शेवटी होणारं नाट्य कोणतं, हे विचारणारा मला क्वचितच दिसला. एकदा आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, तर मॅनेजरने कॅलेंडर बाजूला सारून अख्खं कथानक सांगितलं, चहा पुन्हा मागवला आणि थोडे पैसेही सोडले.

आता वगाचं दुखणं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस मोठ्या सणांतच संपतात, आमच्या भैरवनाथापर्यंत कुठून पोचणार? पालखी निघून छबिना देवळात परतेपर्यंत नऊ वाजलेले असतात. मग गण (गणेशवंदना), गवळण (राधा-कृष्णाचा भाग) घाईत, बतावणी (विनोदी संवाद) निम्मी, रंगबाजी (लावण्यांचा भाग) लोक संपू देत नाहीत, आणि वग सुरू होतो तेव्हा बंदोबस्तावरचे पोलीस घड्याळ दाखवत असतात. उजाडेपर्यंत चालणारा वग आज पाऊण तासात गुंडाळला जातो. झोपमोड होणाऱ्या आजारी माणसाची बाजू मला कळते. पण चार तासांचा खेळ मोजून घेतलेला असतो आणि तो दीड तासात उरकला की गाव कमिटीवर नाही, फडावर चिडतं.

फडातल्या आजीची नात
आजी सांगतेय, मी टाइप करतेय. ती आधी गवळणीत राधा व्हायची, वय झाल्यावर वगात राजाची आई.

"दसऱ्याला नारळ फुटायचा, आखितीच्या सुमाराला खेळ थांबायचा. मधी घर न्हाई. हिवाळ्यातला तमाशा सोपा, तंबूत माणसांची ऊब असती. चैत अवघड. रात्रभर नाचायचं, उजाडताना गाडी. नव्या गावात गेलं की चूल मांडायची, पाणी हुडकायचं. दिवसा ट्रकखाली झोप. सावली सरकली की आपण सरकायचं. डोळा लागतोय तवर हजेरीचं बोलावणं. हजेरी म्हंजे सकाळी देवळापुढं गावाला दाखवायचा खेळ. झाड असलं तर झाड, न्हाईतर डोक्यावर ऊन. म्हातारी माणसं टोप्या घालून बसायची, त्यांना जुनी गवळण हवी असायची. मला रातीपरीस हजेरी आवडायची. तिथं शिट्टी नसायची.

"तोंडाला सफेदा. घाम आला की गळ्यापतुर वघळायचा. पुसला तर काळी दिसती, न पुसला तर भुतावानी. मग पाठ फिरवून पदरानं टिपायचं नि गिरकी घेऊन पुढं यायचं. लोकांना वाटायचं, काय अदा हाय.

"उचल घेतलेली असायची. पाऊसपाण्याला घर चालवायला मालकाकडनं पैसं घ्यायचं, ते हंगामभर फेडायचं. फिटलं की न फिटलं, पुढच्या सालाची उचल. मालक वाईट नव्हता. त्यो सावकाराचा देणेकरी, आम्ही त्याचं.

"विठाबाईची गोष्ट समदी सांगत्यात. खेळ चालू असताना आत बाळंत झाली नि परत बोर्डावर आली. सांगतानाबी लोकं टाळ्या वाजवत्यात. मला इचारशील तर त्या राती तिला कुणी नाच म्हणायलाच नको हुतं."

(यात माझी भर: तमाशातल्या नामवंत कलावंत विठाबाई नारायणगावकरांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, 2002 साली त्या गेल्या. शेवटची वर्षं हलाखीची होती. राज्य सरकार आता त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. हे वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, "पैसं जित्तेपणी देत्यात ना?")

पुण्यात नोकरीला
आजींचं वाचून गलबललो. पण स्पष्ट लिहू का? गावी गेल्यावर मी जो तमाशा पाहतो त्यात तमाशा उरलेला नाही. सिनेमाची गाणी, धूर, रंगीत दिवे. ढोलकीवाला बाजूला बसलेला आणि गाणं पेनड्राइव्हवर. कलावंतांनीच कला सोडली असं वाटतं.

यात्रा कमिटीतला
सोडली कुणी? मी विंगेत उभा असतो, चिठ्ठ्या माझ्या हातातून जातात. शंभराची नोट आणि त्याला टाचलेलं सिनेमातल्या गाण्याचं नाव. सोंगाड्या माइकवर म्हणतो, "अमुक अमुक पाटील यांच्याकडून शंभर रुपये बक्षीस, फड आपला आभारी आहे," मग पाटलांच्या भावकीतला दुसरा दोनशे पाठवतो आणि गवळण मध्येच थांबते. जुन्या गवळणीची फर्माईश करा की पुढच्या यात्रेत. ढोलकीवाला बाजूला बसलेला असतो, मेलेला नसतो.

हलगी, घुमकं, कैताळ (सातारा जिल्हा)
तमाशावर बरंच आलं, दिवसाचं कुणी लिहिलं नाही. कुस्त्यांच्या आखाड्यात आम्ही हलगीवाले असतो. दुपारी तीनचं ऊन, गावभर सावलीत फक्त पाहुण्यांचा मांडव. हलगी मात्र उन्हात खूश. कातडं तापलं की आवाज कडक येतो, थंडीत गवत पेटवून शेकावी लागते ते काम चैत्रात सूर्यच करतो. बोटं मात्र आपली असतात. जोड लागली की ताल हळू, डाव पडायच्या बेताला आला की चढवायचा. पैलवान दमलाय की दम घेतोय, हे पंचाच्या आधी हलगीवाल्याला कळतं.

आमच्या घरात या वाद्यावरून दोन पिढ्यांचं भांडण आहे. पणजोबा महारकीच्या कामात वाजवायचे. वाजवणं म्हणजे मान नव्हे, राबवणूक. बोलावलं की जायचं, धान्य टाकतील ते घ्यायचं, देवळाच्या पायरीखाली उभं राहायचं. 1956 च्या धर्मांतरानंतर आजोबांनी हलगी खुंटीला टांगली आणि पुन्हा हाताला लावली नाही. मी शिकलो तेव्हा ते माझ्याशी बोलेनात. मी म्हटलं, मी दर ठरवून जातो, गाडीभाडं वेगळं घेतो, जेवण पंगतीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि पायरीच्या वर की खाली?" आता ठरवतानाच सांगतो, आम्ही पालखीसोबत आत येणार. एका गावाने सुपारी काढून घेतली. बाकीच्यांनी मान्य केलं.

चाकरमान्याची लेक
आमच्याकडे वेंगुर्ल्याला मे महिन्यात दशावतार. एरवीचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू होतो, पण मुंबईकर गावात असतात म्हणून मे महिन्यात पूजेला, वर्धापनदिनाला नाटकं होतात. माझे आजोबा पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा व्हायची तिथे बसायचे, त्यांच्या मांडीवरून मी सगळं पाहिलं. कुणाच्या तरी पडवीत रंगायला बसतात. प्रत्येकाची स्वतःची पेटी, स्वतःचा आरसा. तोंड रंगवता रंगवता मुख्य नट आजचं आख्यान सांगतो: तू अमुक राजा, तू त्याची राणी, तिसऱ्या प्रवेशात तुमचं भांडण. संहिता नाही, तालीम नाही. बाकी सगळी भाषणं उभ्या उभ्या सुचलेली. 'राणी' सकाळी आंब्याच्या पेट्या भरून आलेली असते, कारण स्त्रीपार्टी पुरुषच आणि दिवसाची कामं ज्याची त्याला असतातच.

एकदा राक्षसाला रंग चढवताना वीज गेली. उकाडा भयंकर. तो तसाच अर्ध्या लाल तोंडाने बाहेर येऊन आमच्या बावीवर पाणी मागायला आला आणि माझी धाकटी चुलत बहीण किंचाळून पळाली. तो मागून ओरडतोय, "गो बाय, भियां नको, माका तांब्याभर पाणी होया!" नंतर रंगमंचावर आल्यावर त्याने तेच भाषणात घातलं, तहानेलेला राक्षस. गाव लोळून हसलं. पखवाजवाल्यालाही हसू आवरेना.

परभणीकडचा
वैशाखात लग्नं, लग्नानंतर गोंधळ. आमचे गोंधळी पिढीजात ठरलेले. पूर्वी वर्षाचं धान्य मिळायचं, आता रात्रीचा दर. संबळवाला मोटारसायकलवर संबळ बांधून एका रात्री दोन घरं करतो. देवीदेवतांना आवतण देण्याचा भाग पूर्वी लांबलचक असायचा, गावोगावच्या देव्या नावानिशी यायच्या. आता नवरीकडची पोरं म्हणतात, "नाईक, आटपा." मी नाईकांना विचारलं, कुठल्या देव्या गाळता? म्हणाले, "ज्यांचं माणूस समोर बसलेलं नाही, त्यांच्या."

आखाजी
खानदेशात अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात, गौराई बसवतात. बिदागी नाही, बोर्ड नाही. धाग्यात बसतं का?

धागाकर्ती
बसतं. सासरची उणीदुणी त्या गाण्यांतून भर अंगणात काढता येतात, एवढा मोकळा रंगमंच दुसरा कुठला? सविस्तर लिहा, खापरावरच्या मांड्यांसकट.

फडातल्या आजीची नात
टाळेबंदीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. हंगामाची कमाई पाडव्यानंतरच्या महिना-दीड महिन्यात असते. ठरलेल्या यात्रा रद्द, गावांनी इसार परत मागितला, तो उचलीत वाटून संपलेला. मामा फडात ढोलकी वाजवतो. तो त्या उन्हाळ्यात भाजीच्या गाडीवर होता, पुढच्या उन्हाळ्यात वीटभट्टीवर. वगात शिवाजी महाराज उभे करणाऱ्या कांताबाई सातारकर मे 2021 मध्ये गेल्या, तेव्हाही यात्रा बंदच होत्या. फड पुन्हा उभे राहिले तेव्हा मामा परत गेला, पण त्याच्या बरोबरचे झीलकरी (मागून सूर धरणारे) आले नाहीत. एक सुरक्षारक्षक झाला. म्हणतो, रात्रीच जागायचं तर पगारावर जागतो.

पुण्यात नोकरीला
मागचा माझा सूर जरा चढा होता, राहू दे. यंदा आमच्या गावच्या कमिटीत मला घेतलंय. राहुटीत गेल्यावर वगाचं विचारेनच. आपल्याकडून काय द्यायला लागतं, ते सांगा.

फडातल्या आजीची नात
आजीला विचारून लिहिते. पाण्याचा टँकर सकाळीच, दुपारी नाही, कारण पोचल्या पोचल्या शंभरावर माणसांना आंघोळ असते. बायकांना कपडे बदलायला चारी बाजूंनी बंद जागा, कनात असली तर वरून गच्चीवरची पोरं हाकला. शाळेच्या शौचालयाची किल्ली 'सर गावाला गेलेत' म्हणून अडकवू नका. बोर्डासमोर पहिल्या रांगेत बायका बसवा, मग पुढचे गडी आपोआप नीट बसतात. हजेरी दहाच्या आत उरका, झाडाखाली. आणि उरलेले पैसे हजेरी संपताच, कुस्त्यांच्या आधी द्या. कुस्त्या सुरू झाल्या की कमिटी सापडत नाही आणि फडाला पुढचं गाव गाठायचं असतं.