मदत हवी आहे: गॅस चालू, पण पारा का हलत नाही?

नमस्कार मंडळी, मुलगी दहावीला आहे. उष्णतेचा धडा चालू आहे. काल पातेल्यात पाणी ठेवून तिने प्रयोगशाळेतला तापमापक धरला (ताप बघायचा नव्हे, तो ४२ च्या पुढे जातच नाही). पाणी खदखदायला लागलं आणि पारा ९८ वर जाऊन बसला. पुस्तकात १०० आहे म्हणून ती म्हणाली, तापमापकच बिघडलाय. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी जरा आधीच उकळतं, हे सांगितल्यावर पटलं.

अडलंय ते पुढे. गॅस मोठा केला तरी पारा ९८ लाच! मी म्हटलं, अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता फक्त पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. "बाबा, ते पाठच आहे हो. पण उष्णता लपते म्हणजे होतं काय?" कणांमधलं आकर्षण तोडण्यात ती खर्ची पडते, एवढंच मला सुचलं. त्यावर लगेच, "मग थोडी तरी कणांचा वेग वाढवायला का उरत नाही?" इथे माझी विकेट गेली.

शिक्षक मंडळींनो, वर्गात हे कसं समजावता? एखादा घरी करता येण्यासारखा प्रयोग असेल तर सांगा ना. सोमवारी चाचणी आहे.