पाय काढल्यानंतर दिव्यांग प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजना: आधी काय करावे?

प्रश्न (कराड तालुक्यातील एक गृहिणी)

सर्वांना नमस्कार. माझे यजमान 46 वर्षांचे असून सतरा वर्षे दुधाच्या टेम्पोवर चालक होते. मधुमेहामुळे उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, गँगरीन वर चढत गेले आणि ऑगस्टमध्ये त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आता जखम पूर्ण कोरडी आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर क्रेप बँडेज बांधते.

मागच्या आठवड्यात आम्ही दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात गेलो. रिक्षातून उतरताना त्यांनी मांडीवर टॉवेल पांघरला, तो परत घरी येईपर्यंत काढला नाही. खिडकीवर आम्हाला सांगण्यात आले की आधी कृत्रिम पाय बसवून घ्या आणि वर्षभराने या. बाहेर एका माणसाने पाच हजार रुपयांत ऐंशी टक्क्यांचे प्रमाणपत्र काढून देतो असे सांगितले. आम्ही त्याला नकार दिला, पण आता पुढे कसे जावे ते कळत नाही.

खरोखरच वर्षभर थांबावे लागते का? किती टक्के मिळतील? आणि मुख्य अडचण अशी की आमच्याकडे असलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर 84,000 रुपये लिहिलेले आहेत, कारण तो यजमान कामावर असतानाचा आहे. आज घरात माझ्या शिवणकामाशिवाय काहीही येत नाही आणि दोन मुले शाळेत आहेत. निराधार योजनेत आमचा अर्ज बसेल का?

उत्तर 1 (नऊ वर्षांपासून कृत्रिम पाय वापरणारा)

ताई, नमस्कार. त्या माणसाला आपण नकार दिलात हे फार योग्य केलेत. खोट्या टक्केवारीचे प्रमाणपत्र फेरतपासणीत रद्द होते, आणि 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानुसार दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. शिवाय आपल्या यजमानांना त्याची गरजही नाही.

पाय काढलेला असेल तर टक्केवारी तो कोणत्या पातळीवर काढला यावरून ठरते, कृत्रिम पाय बसवला की नाही यावरून नाही. बोर्डाचे, म्हणजे दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाचे, डॉक्टर टेप घेऊन गुडघ्याच्या सांध्यापासून खाली किती भाग उरला आहे ते मोजतात. गुडघ्याखाली 8 सेंटिमीटरपर्यंतच भाग उरला असेल तर 70 टक्के, त्याहून खाली पोटरीच्या खालच्या भागापर्यंत कापला असेल तर 60 टक्के, घोट्यातून काढला असेल तर 55 टक्के, असे कोष्टक केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिलेले आहे. गुडघा आखडला असेल किंवा उरलेल्या भागात मज्जातंतूची गाठ होऊन वेदना राहिल्या असतील तर त्याचे वाढीव गुण मिळतात, म्हणून तशी तक्रार असल्यास ती डॉक्टरांना न संकोचता सांगावी. योजनांसाठी लागणारी मर्यादा 40 टक्क्यांची आहे, ती आपण सहज ओलांडता.

वर्षभर थांबण्याचा सल्ला अर्धांगवायू किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुधारणेला वाव असतो तेव्हा समजण्यासारखा आहे, आणि अशा वेळी बोर्ड ठरावीक मुदतीचे तात्पुरते प्रमाणपत्रही देऊ शकते. कापलेला पाय परत येत नाही, त्यामुळे जखम भरली की तपासणी होऊ शकते. खिडकीवर सांगितलेला क्रम तर अगदी उलटा आहे. दिव्यांगांना सहाय्यक साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कृत्रिम पाय मोफत हवा असेल तर आधी 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. त्या योजनेत मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असल्यास साहित्य पूर्ण मोफत मिळते, म्हणजे आपण त्यात निश्चित बसता. क्रेप बँडेज मात्र सोडू नका. त्याने सूज उतरून आकार नीट बसतो आणि कृत्रिम पायाचे माप अचूक येते. मी पहिले सहा महिने कंटाळा केला आणि त्यामुळे माझा पहिला पाय वर्षभरातच सैल झाला.

अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय संकेतस्थळावर भरायचा. त्यात आधार, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जाची छापील प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेचे कागद घेऊन बोर्डाच्या दिवशी जा. पुन्हा कोणी परत पाठवले तर वाद न घालता नकाराचे कारण लेखी मागा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

उत्तर 2 (महसूल विभागातून निवृत्त)

आधीच्या उत्तरात रुग्णालयाचा भाग नीट आला आहे, म्हणून मी तहसील कार्यालयापुरते लिहितो.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा 50,000 रुपये आहे, इतरांसाठी ती 21,000 आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर तेही चालते. आपल्या सध्याच्या दाखल्यावर अर्ज केला तर तो नामंजूर होईल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, म्हणून जुना दाखला जोडूच नका. शस्त्रक्रियेची तारीख, काम सुटल्याची तारीख आणि आपले शिवणकामाचे मासिक उत्पन्न लिहून तलाठ्यांकडे नव्याने चौकशी अहवाल मागा. टेम्पोच्या मालकाकडून, यजमान अमुक तारखेपासून कामावर नाहीत, असे साध्या कागदावर सही करून घ्या. असा एक कागद तलाठ्याच्या हाती असला की त्याला अहवाल लिहिणे सोपे जाते. शिवणकामाचे उत्पन्न लपवू नये. ते थोडे असले तरी लिहावे, कारण अर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे शून्य उत्पन्नाचा अहवाल संशयास्पद ठरतो. त्या अहवालावर तहसीलदारांचा नवा दाखला निघेल.

याशिवाय महाराष्ट्रात किमान 15 वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, शिधापत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागेल. अनुदान आता थेट खात्यातच जमा होते, त्यामुळे बँकेत जाऊन आधार जोडणी झाली आहे का ते आजच पाहा. अर्ज मंजूर असूनही केवळ या कारणाने पैसे अडकलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 1,500 वरून 2,500 रुपये झाले आहे. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकवू नका.

आपल्या ग्रामपंचायतीतही चौकशी करा. स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे, परंतु मागणी अर्ज आल्याशिवाय तो निधी बहुधा पडून राहतो.

उपप्रश्न (नाशिकहून)

याच विषयाला धरून विचारतो. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदलले आहेत. एवढी मोठी शस्त्रक्रिया झाली म्हणजे तिला 40 टक्के मिळतील ना?

उत्तर 3 (सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट)

शस्त्रक्रियेला टक्के नसतात. शस्त्रक्रियेनंतर कायम काय उरले, म्हणजे गुडघा किती वाकतो, स्नायूंत किती ताकद आहे, उभे राहणे आणि चालणे जमते का, हे मोजले जाते. आपल्या आई काठीशिवाय चालत असतील आणि गुडघा चांगला वाकत असेल तर टक्केवारी 40 च्या खाली राहण्याची शक्यता अधिक, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्नकर्त्या ताईंना एक सुचवते. मधुमेहाने पाय गेला आहे तर यजमानांच्या डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. दृष्टी अधू झालेली आढळली तर बोर्ड दोन्हींचा एकत्र विचार करते, मात्र ती सरळ बेरीज नसते. एकाचे 60 आणि दुसऱ्याचे 30 असतील तर सूत्राप्रमाणे 90 नव्हे, 70 होतात. टक्केवारी राहू द्या, पण डोळे आणि डावा पाय यांची तपासणी लांबवू नका. डाव्या पायाचे तळवे रोज रात्री उजेडात पाहत जा, बोटांच्या बेचक्यांसह.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही पुन्हा रुग्णालयात गेलो. सकाळी आठला चिठ्ठी घेतली आणि दीडच्या सुमारास नंबर आला. खिडकीवर पुन्हा तेच सांगू लागले, तेव्हा मी लेखी द्या म्हटले, आणि त्यांनी कागद आत पाठवले. बोर्डाच्या डॉक्टर बाईंनी टेपने मोजले तेव्हा 14 सेंटिमीटर भरले. 60 टक्के आणि कायमस्वरूपी, असे त्यांनी आमच्यासमोरच लिहिले. यजमानांनी टॉवेल स्वतः बाजूला केला होता.

टेम्पोच्या मालकांनी सही दिली आहे. तलाठी सोमवारी घरी येणार आहेत. त्यांना शिवणकामाची वही दाखवली तर चालेल का? त्यात महिन्याला सरासरी 2,800 रुपये दिसतात.

उत्तर 4 (महसूल विभागातून निवृत्त)

अवश्य दाखवा. वर्षाचे 33,600 होतात, म्हणजे मर्यादेच्या आतच आहेत. वहीच्या शेवटच्या बारा महिन्यांच्या पानांच्या झेरॉक्स काढून त्यावर स्वतःची सही करून ठेवा आणि अहवालासोबत जोडायला सांगा. अर्ज दाखल केल्यावर त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.