४ जीबी रॅमचा लॅपटॉप, घुमट आणि पावसाळा: ह्यात ट्रॅक पूर्ण होईल?

डिचोली_बीट्स:
नमस्कार मंडळी, एफएल स्टुडिओ (संगीत करायचं सॉफ्टवेअर) वापरतो, लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. तीन सिंथ (सॉफ्टवेअरमधली वाद्यं) उघडले आणि वर रिव्हर्ब (घुमणाऱ्या खोलीचा इफेक्ट) टाकला की आवाज तुटायला लागतो. त्यात बॅटरी मेलेली आणि पावसात लाईट कधी जाईल नेम नाही. चवथीच्या आधी घुमट (आपलं गोव्याचं मातीचं, चामडं चढवलेलं तालवाद्य) घालून एक ट्रॅक करायचाय, नवीन मशीन आत्ता शक्य नाही. काय करू?

फोंडेकर:
होईल रे. मिक्स करताना बफर (आवाज तयार करायला लॅपटॉपला मिळणारी उसंत) १०२४ वर ने, कीबोर्ड वाजवताना उशीर जाणवू नये म्हणून तेवढा खाली आण. रिव्हर्ब एकच, सेंडवर म्हणजे वेगळ्या सामाईक चॅनलवर, सगळ्यांना तोच. सिंथची लाईन जमली की वेव्ह (साधी ऑडिओ फाईल) करून प्रोजेक्टमध्ये परत घे आणि सिंथ काढून टाक, आधीचा प्रोजेक्ट वेगळ्या नावाने ठेव. ऑटोसेव्ह चालू ठेवच. आणि एक सांगतो, एकदा वेव्ह झालं की नॉब फिरवत बसणं संपतं, गाणं पुढे सरकतं, मला तर दणकट मशीनवरही हेच आवडतं.

टेप_आणि_वाळू:
फोंडेकरांशी सहमत. १९८७ च्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं मशीन) जेमतेम १० सेकंदांची मेमरी होती, म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये पिच खाली आणायचे. जागा वाचायची, वर १२ बिटमुळे जो खरखरीत आवाज यायचा त्याच्यासाठी आज लोक प्लगिन विकत घेतात! आपल्या हणजुण्यातच बघ ना, उन्हात आणि धुळीत रेकॉर्डी टिकेनात म्हणून डीजे कॅसेटवर आणि मग डॅटवर (डिजिटल टेपवर) वाजवायचे. डॅटवर स्पीड कमीजास्त करायची सोय सहसा नसायची, दोन ट्रॅकचे ठोके जुळवता येत नसत, मग एका ट्रॅकचा लांबलेला शेवट दुसऱ्याच्या बिनठोक्याच्या सुरुवातीत मिसळायचा. गोवा ट्रान्स ह्या तिथल्या पार्ट्यांतून आलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या त्या लांबच लांब सुरुवाती उगाच नाहीत.

डिचोली_बीट्स:
हे माहीतच नव्हतं, भारी. घुमट फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल का? माईक नाही.

साखळीची_आरती:
चालेल, फक्त फोन चामड्याच्या अगदी समोर धरू नको, आवाज फाटतो. हातभर लांब आणि थोडा बाजूला. दमट हवेत चामडं सैल पडतं, आधी जरा शेकून घे. मागचं तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत वाजवतात ना, तो घुमणारा भाग वेगळा कापून एक सप्तक खाली आण, बेसचा सिंथ लागणारच नाही, तेवढीच रॅम वाचली. तसंही पूर्वी घुमटाला घोरपडीचं चामडं असायचं, घोरपड मारायला बंदी म्हणून आता बकऱ्याचं चढवतात, आणि २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला तोपर्यंत हा बदल झालेलाच होता. नाद थोडा बदलला असेल पण आरती थांबली नाही.

डिचोली_बीट्स:
पण घुमटावरच्या आरतीत लय चढत जाते, ती सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर (ठोक्यांच्या ठरलेल्या चौकटीवर) कशी बसवू?

साखळीची_आरती:
बसवू नको बाबा. वाजवणाऱ्याला क्लिक (ठोक्यांची टिकटिक) अजिबात ऐकवू नको, त्याला हवं तसं वाजवू दे. मग त्यातली चार-आठ आवर्तनं निवड, टॅप करून त्यांचा टेम्पो काढ आणि प्रोजेक्ट त्या टेम्पोवर ने. पुढे लय चढली की टेम्पोला ऑटोमेशन दे म्हणजे तो आपोआप बदलेल, किक (ड्रमचा जड ठोका) घुमटाच्या मागे जाऊ दे. घुमटाच्या साथीचे शामेळ (ढोल) आणि कांसाळं (झांज) ह्यांचा टेक वेगळा घे, नाहीतर नंतर कापताना त्रास होईल.