मल्टिटेनंट डेटाबेस सांभाळायला शिकायचं आहे, बजेट ५,००० – सल्ला हवा

शीतल_दारव्हा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, बीसीए झालं आहे. दादाचं कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक दुकानाचा डेटाबेस त्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर, कुठं बॅकअप आहे, कुठं नाही. सगळी दुकानं एका सर्व्हरवर आणायची आहेत (यालाच मल्टिटेनंट म्हणतात), पण दारव्ह्याच्या दुकानातली उधारी दिग्रसच्या दुकानदाराला दिसली नाही पाहिजे. पुढे मला डीबीएची, म्हणजे डेटाबेस सांभाळण्याची, नोकरीही करायची आहे. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, बॅटरी पूर्ण गेलेली. नेट मोबाइलचं. ५,००० च्या वर एक रुपया नाही. कुठून सुरुवात करू?

संत्रावाला_वरुड
ताई, सरळ पुण्याले जा अन् क्लास लाव. माह्या पोट्ट्यानं ४५ हजार भरले, आता हिंजवडीत हाय. ५ हजारात तं बागेची एक फवारणी होत नाही.

नितीन_पुसद
पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतं, दस्तऐवजांची पूर्ण पीडीएफ एकदा उतरवून घेतली की नेटची गरज नाही. एकच टेबल ठेवा, त्यात दुकानाच्या क्रमांकाचा कॉलम, आणि रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचा नियम, लावा. आवृत्ती ९.५ पासून ही सोय आहे. ज्याचं दुकान, त्यालाच त्याच्या ओळी दिसतात.

अकोट_एक्सप्रेस
पहिले एसएसडी (वेगवान डिस्क) टाका. साध्या हार्ड डिस्कवर डेटाबेस म्हणजे छळ. मी टाकली तेव्हापासून मशीन पळून राहिलं.

वाशीमची_रेखा
पोस्टग्रेसच घ्या. फुकट आहे.

जुना_डीबीए
नितीनभाऊ, अर्धी गोष्ट सांगितली तुम्ही. टेबलाच्या मालकाला (टेबल ज्या लॉगिननं बनवलं त्याला) आणि सुपरयूझरला (सगळे अधिकार असलेल्याला) तो नियम लागूच होत नाही. सॉफ्टवेअर मालकाच्याच लॉगिननं जोडलं असेल तर सगळ्यांची उधारी सगळ्यांना दिसणार. टेबलावर 'फोर्स' लावा, म्हणजे मालकालाही नियम लागतो, किंवा सॉफ्टवेअरला वेगळा साधा यूझर द्या. शीतलताई, हे नक्की तपासा, चाचणीत सुटून जातं ते इथेच.

नोकरी करायची असेल तर ओरॅकल हे दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअरही पाहा. त्याच्या १२सी आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, तिथं एका कंटेनरमध्ये, म्हणजे एका मोठ्या डेटाबेसमध्ये, अनेक प्लगेबल (काढता-घालता येणारे) डेटाबेस बसतात. २१सी पासून जुन्या पद्धतीचा सुटा डेटाबेस बंदच झाला. म्हणून ही रचना आज ना उद्या शिकावीच लागते.

नितीन_पुसद
ओरॅकलचं लायसन्स कोण भरणार? दुकानदार महिन्याचे पैसे द्यायलाच रडतात.

जुना_डीबीए
शिकायला फ्री आवृत्ती आहे. २ जीबी रॅम, २ सीपीयू थ्रेड, १२ जीबी डेटा एवढी मर्यादा. दुकानं त्यावर चढवा असं मी म्हटलेलं नाही.

मूर्तिजापूर_म्हणतो
हे सगळं ठीक, पण लाइटचं काय? बॅटरी गेलेली म्हणते बाई. इन्व्हर्टर घ्या आधी. मी १५० एएचची बॅटरी लावली, निवांत आहे.

संत्रावाला_वरुड
भाऊ, १५० ची बॅटरी ५ हजारात कुठं भेटते? अन् आमच्या इकडं गावठाण फिडरची लाइट बऱ्यापैकी राहते, शेतीच्या फिडरचाच घोळ हाय.

मूर्तिजापूर_म्हणतो
तुमच्याकडं राहत असन. आमच्याकडं ढग दिसला की गेली.

अकोट_एक्सप्रेस
पुन्हा सांगतो, एसएसडी. बाकी सगळं नंतर.

वाशीमची_रेखा
माझा नागपुरातल्या एका क्लासचा अनुभव सांगते. पैसे आधी घेतले, अ‍ॅडमिनच्या नावाखाली फक्त सिलेक्ट क्वेरी (डेटा नुसता वाचायच्या) शिकवल्या. बॅकअपचा धडा आलाच नाही. क्लास लावाल तर रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणं, हातानं करून घेतात का, हे आधी विचारा.

शीतल_दारव्हा
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं: क्लास नाही, एसएसडी नाही, पोस्टग्रेसही आत्ता नाही. ५,००० मधून लॅपटॉपची बॅटरी घेते. इन्स्टॉलेशन निम्म्यावर असताना लाइट गेली की सगळं पहिल्यापासून, हा त्रास आधी संपवायचा आहे. आणि ओरॅकल फ्री टाकते. प्रत्येक दुकान वेगळा प्लगेबल डेटाबेस, एखादं सोडून गेलं तर त्याचा तेवढा अनप्लग करून देता येतो, हे मला फार आवडलं. दादाची दुकानं सध्या आहेत तिथंच राहतील. ओरॅकलची फाइल तालुक्याच्या नेट कॅफेतून आणते.

अकोट_एक्सप्रेस
मग विचारलं काहून? साध्या हार्ड डिस्कवर ओरॅकल! पश्चाताप होईन.

नितीन_पुसद
सहा महिन्यांनी पोस्टग्रेसवरच याल. तरी शुभेच्छा.

जुना_डीबीए
हार्ड डिस्कवर हळू चालेल, पण शिकता येतं. तीन गोष्टी आत्ताच लिहून ठेवा. रूटमध्ये, म्हणजे कंटेनरच्या मुख्य भागात, साधा यूझर बनवायला गेलात की ओआरए-६५०९६ ही चूक येईल. तिथं सगळ्यांसाठीचा यूझर बनतो आणि त्याच्या नावाआधी सी हॅश हॅश (C##) लागतं. दुकानाचा यूझर बनवायचा असेल तर आधी 'ऑल्टर सेशन सेट कंटेनर' करून त्या दुकानात शिरा. दुसरं, नवा बनवलेला प्लगेबल डेटाबेस मशीन बंद-चालू झाल्यावर आपोआप उघडत नाही, नुसता माउंटेड, म्हणजे जोडलेला पण बंद, राहतो. तो एकदा उघडून 'सेव्ह स्टेट' द्या, म्हणजे पुढे तो आपोआप उघडेल. तुमच्याकडच्या लाइटला हे पहिल्याच दिवशी लागेल.

तिसरं, आर्काइव्हलॉग मोड (बदलांची नोंद जपून ठेवणारा) चालू करून आरमॅननं, म्हणजे ओरॅकलच्या बॅकअपच्या साधनानं, पूर्ण बॅकअप घ्या. मग एका दुकानाची डेटाफाइल मुद्दाम हलवा (सिस्टीमची नको, यूझर्सची) आणि बाकी दुकानं चालू ठेवून तेवढीच परत आणा. किती मिनिटं लागली ते लिहा. दुकानदार पहिल्यांदा तेच विचारतो.

शीतल_दारव्हा
हे करतेच. बॅकअप त्याच डिस्कवर ठेवला तर चालेल का?

जुना_डीबीए
सरावाला चालेल. खऱ्या दुकानाचा असेल तर अजिबात नाही, डिस्क गेली की दोन्ही गेले. जुनी बाहेरची हार्ड डिस्क असेल घरात तर तिच्यावर ठेवा.